वरच्या घराचा आकडा

पाण्याचं मीटर वाचायला अक्कल लागत नाही, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी मीटर वाचलेलं नव्हतं. लोखंडी झाकण उघडायचं, आत पाल असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं, ओल्या फडक्याने काच पुसायची आणि गुडघे टेकून आकडा वाचायचा. काळे आकडे युनिटचे. एक युनिट म्हणजे हजार लिटर, आणि बिल निघतं ते त्यावर. आकड्यांच्या बाजूला नखाएवढी एक लाल चांदणी असते. घरात कुठेही नळ सोडला की ती फिरते. सगळे नळ बंद असूनही फिरत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय असं समजायचं. एवढंच ते शास्त्र.

पण तेहतीस वर्षं हे केल्यावर मला आकड्यातून घर दिसायला लागलं होतं. दर दोन महिन्यांनी नवा आकडा घ्यायचा, त्यातून मागचा वजा करायचा. आत माणसं किती, कोणी आजारी आहे का, पाहुणे किती दिवस राहिले, भांडण होऊन कोणी निघून गेलंय का, सगळं कळायचं. शेजाऱ्यांपासून लपवता येतं, मीटरपासून नाही, कारण आंघोळ कोणालाच चुकलेली नाही. बिल जास्त आलं की लोक माझ्या नावाने खडे फोडायचे. मी शांतपणे म्हणायचो, मी फक्त वाचतो, फिरवत नाही.

एका घराच्या बाबतीत हे खरं नव्हतं. तेच सांगायला बसलो आहे.

माझ्या भागात टेकडीच्या अंगावर चढत गेलेली एक गल्ली होती. गल्ली कसली, पायऱ्याच. खाली पहिल्या पायरीशी एका शिंप्याचं दुकान. तिथून शंभराव्या पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना घरं, आणि पुढे बेचाळीस पायऱ्या नुसत्याच चढून गेल्यावर एकटं एक घर. त्यात घड्याळं दुरुस्त करणारा एक उंच, अबोल माणूस राहायचा. बायको नाही, मूल नाही. दोन महिन्यांत सहा-सात युनिट, कधी इकडे नाही की तिकडे नाही. एके दिवशी वर गेलो तर फाटकाला कुलूप. खालच्या घरातून कळलं, माणूस वारला, बहीण येऊन कुलूप लावून गेली. मीटर फाटकाच्या आत होतं. मी हातातल्या यंत्रात ‘दार बंद’ असं नोंदवलं आणि गुडघे चोळत खाली आलो.

‘दार बंद’ असेल तर ऑफिस मागच्या आकड्यांची सरासरी काढून बिल पाठवतं. पण हे दोनदाच चालतं. तिसऱ्यांदा ‘दार बंद’ लिहिलं की साहेब, प्लंबर आणि मीटर वाचणारा अशी वरात तिथे जाते, कुलूप उघडायची नोटीस निघते, अहवाल लिहावा लागतो. दुसऱ्या खेपेला मी वर गेलोच नाही, शिंप्याच्या बाकावर बसून ‘दार बंद’ लिहिलं. तिसऱ्या खेपेला तिथेच बसून खोटा आकडा लिहिला.

माझे गुडघे तेव्हा इतके दुखत होते की पायरी दिसली की मी आधी बसायला जागा शोधायचो. ही सबब म्हणून सांगत नाही. सबबच आहे, पण खरी आहे.

खोटा आकडा लिहिणं लोकांना वाटतं तितकं सोपं नसतं. दर वेळी सारखाच लिहिला तर कॉम्प्युटर ओरडतो, फार कमी-जास्त लिहिला तरी ओरडतो. उन्हाळ्यात वाढायला हवा, थंडीत उतरायला हवा. खोटं लिहायचं तर खऱ्यासारखं लिहावं, म्हणून मी त्या घरात मनातल्या मनात एक भाडेकरू ठेवली. एकटी बाई. दोन महिन्यांना सात युनिट.

त्या रात्री जेवताना मी हे हिला सांगितलं. आमच्या घरात दोघंच माणसं. बोलायला विषय कमी पडतात, म्हणून कामावरच्या गमतीजमती मी घरी आणायचो. मला वाटलं ही हसेल, किंवा चिडेल. हिने आमटीचं वाढप थांबवून विचारलं, “कशी आहे बाई?”

“अगं, बाई नाहीच आहे.”

“नसेल. पण सात कसे झाले तिचे? एकटीला सात जास्त होतात.”

“मग तूच सांग.”

“लांब केस असतील,” ही म्हणाली. “एक दिवसाआड धूत असेल.” हिचे स्वतःचे केस लांब आहेत. मी म्हटलं, बरं, असू देत.

तेव्हापासून तो आमचा खेळ झाला. दर दोन महिन्यांनी, आकडा लिहायच्या आदल्या रात्री, ताटावर बसल्या बसल्या वरच्या घराचा आकडा ठरायचा. चौथ्या की पाचव्या खेपेला ही म्हणाली, “या वेळी दहा लिहा.”

“दहा? एकदम तीन जास्त? कशाबद्दल?”

“बाळ झालंय तिला. लंगोट धुवायला पाणी लागतं. आणि बाळाला रोज आंघोळ लागते.”

एकोणतीस वर्षांपूर्वी आम्हाला मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर हिला तिला एकदाच आंघोळ घालायला मिळाली होती. नाव ठेवायचंही राहूनच गेलं. त्यानंतर आम्ही त्याबद्दल बोललो नाही. एकमेकांना जपायचं म्हणून नाही बोललो, आणि मग ती सवयच झाली. मी दुसऱ्या दिवशी दहा लिहिले.

पुढची पाच वर्षं ती मुलगी त्या घरात वाढली. सुरुवातीला तिचे तीन युनिट. लंगोट सुटले तेव्हा दोन. चालायला लागली, चिखलात खेळायला लागली, पुन्हा तीन. एका उन्हाळ्यात तिला गोवर निघाला म्हणून हिने पाणी कमी करायला लावलं, आणि तो महिनाभर ही स्वतःच उदास होती. एकदा म्हणाली, “बाथरूममधले खिळे उंच असतात हो. पोरीचा हात टॉवेलला कसा पोचेल? तिच्यापुरता खाली एक खिळा ठोकायला हवा.”

“त्याला पाणी लागत नाही,” मी म्हटलं. “मी फक्त पाण्याचं लिहितो.”

“तुम्ही अगदी मीटरच आहात,” ही म्हणाली, आणि हसली. हिचं ते हसणं पाहायला मी आणखी शंभर खोटे आकडे लिहिले असते.

बिल कोण भरत होतं, हा प्रश्न माझ्या मनात येत नव्हता असं नाही. येत होता. मी त्याला बसायला जागा देत नव्हतो. बिल वेळच्या वेळी भरलं जात होतं, थकबाकी शून्य होती, तक्रार नव्हती. मेलेल्या माणसाचा पैसा बँकेतून परस्पर जात असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे पस्तिशीतला इंजिनीअर, मला काका म्हणणारा, सरळ मुलगा. त्याच्या टेबलासमोर एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. मांडीवर पासबुक. त्या घड्याळवाल्याची बहीण.

“भाऊ,” त्या मला म्हणाल्या, “माझ्या भावाचं घर सहा वर्षं बंद आहे. किल्ली माझ्याकडे. आमचं दोघांचं खातं एकत्र होतं, त्यातून बिल कापलं जातं. मला वाटायचं, नळ आहे म्हणून काही ठरावीक कापत असतील. आता घर विकायला काढलं, म्हणून नीट पाहिलं. दर वेळी आकडा वेगळा. बंद घरात हे पाणी कोण वापरतं?”

साहेब म्हणाला, “काका, तुमचं वाचन आजवर कधी चुकलेलं नाही. कोणीतरी लाइन जोडून घेतली असणार. उद्या तसंही त्या गल्लीचं वाचन आहे. सकाळी आपण तिघं वर जाऊ, मीटर बघू, म्हणजे हातच्या काकणाला आरसा कशाला.”

मीटर बघितलं की काय होणार, हे मला एकट्यालाच माहीत होतं. घर बंद झालं तेव्हा आकडा होता ४१२. आता मी तो ७७१ वर नेऊन ठेवला होता. वरच्या मीटरवर अजून ४१२ च असणार. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, तेहतीस वर्षांत मिळवलेलं नाव जाईल, आणि या बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही. त्या पासबुकाच्या पानांवर बोट फिरवत होत्या. ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या बाईचं बोट होतं ते, सुयांनी टोचलेलं.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. पेन्शनचंही सांगितलं. ही ऐकत राहिली. मग म्हणाली, “पाणी बंद करतील का हो तिथलं?”

“कुठलं पाणी?” मी ओरडलोच. “तिथे कोणी नाही. आपण दोघांनी बसून रचलेलं आहे ते. उद्या माझ्या गळ्याला फास लागणार आहे, आणि तू पाणी काय म्हणतेस?”

हिने जेवण उरकलं. ताटं उचलली, घासली, फळीवर लावली. झोपायच्या आधी हळूच म्हणाली, “उद्याचा आकडा ठरवायचा राहिला.”

“उद्या खरा आकडा निघणार आहे.”

“तरी?”

मला हिची दया आली, आणि स्वतःचीही. “मागच्या इतकेच,” मी म्हटलं. “अकरा.”

“बारा. शाळा सुरू झाली असेल तिची. कपडे रोज धुवायला लागतील.”

“बरं, बारा.” ७७१ आणि बारा, ७८३. हा आकडा मी कुठेही लिहिला नाही. तो आमच्या त्या खोलीतच राहिला.

सकाळी दहा वाजता आम्ही चढायला सुरुवात केली. ऊन स्वच्छ होतं. शिंप्याने मशीनवरून मान वर करून म्हटलं, “आज सूर्य कुठून उगवला? काका वर चाललेत.” साहेब हसला. माझी पाचावर धारण बसली होती. प्रत्येक विसाव्याला मी ठरवत होतो की आता सांगून टाकू, आणि प्रत्येक वेळी गुडघ्याचं निमित्त करून नुसताच उभा राहत होतो.

शंभराव्या पायरीनंतर माणसांचे आवाज मागे पडले. पुढच्या पायऱ्यांच्या सांध्यांत गवत वाढलं होतं आणि ते कुठेही तुडवलेलं नव्हतं. फाटकाचं कुलूप गंजून गेलं होतं. बाईंनी किल्ली लावली, साहेबाने दगडाने दोन ठोके दिले, तेव्हा ते उघडलं. मीटरच्या पेटीवर पालापाचोळ्याचा थर होता. झाकणाच्या बिजागरीला कोळ्याचं जाळं, जुनं, धुळीने जाड झालेलं. ते कित्येक वर्षांत कोणी उघडलेलं नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं. साहेबाने झाकण उचललं आणि माझ्यासाठी बाजूला झाला.

“वाचा, काका.”

मी गुडघे टेकले. काचेवर चिखलाचा थर वाळून बसला होता. मी फडकं भिजवून पुसलं. मग पुन्हा पुसलं.

“काका?”

“सातशे त्र्याऐंशी,” मी म्हणालो.

साहेबाने वाकून पाहिलं, यंत्रातल्या जुन्या नोंदी काढल्या, आणि बाईंकडे वळून मऊ आवाजात म्हणाला, “ताई, वाचन बरोबर आहे. मागचं सातशे एकाहत्तर, आता बारा वाढलेत. पाणी वापरलं जातंय.”

मी वाचलो होतो. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो.

“गळती असेल,” साहेब म्हणाला. “आम्ही आत जाऊन सगळे नळ घट्ट बंद आहेत का ते बघतो. तुम्ही चांदणीवर नजर ठेवा.”

ते दोघं आत गेले. दार करकरलेलं ऐकू आलं, मग त्यांच्या पावलांचा आवाज, मग साहेबाची शिंक. आत धूळ होती तर. मी चांदणीकडे बघत होतो. ती स्थिर होती. वारा नव्हता. खाली कुठेतरी शिंप्याचं मशीन चालू असल्याचा बारीक आवाज येत होता.

चांदणी फिरायला लागली.

गळतीची चांदणी कशी फिरते, ते मला ठाऊक आहे. ती झोपेत कूस बदलल्यासारखी, अडखळत फिरते. ही तशी नव्हती. ही एकदम सुरू झाली, सरळ फिरत राहिली. कोणीतरी नळ सोडला होता.

“साहेब, नळ सोडलात का?” मी हाक मारली.

“नाही हो, काका. सगळे बंद आहेत. गंजलेत, हलतसुद्धा नाहीत.”

मी मोजत होतो. सवयच आहे. एक छोटी बादली भरायला जेवढं पाणी लागतं तेवढं गेलं, आणि चांदणी थांबली.

थोड्या वेळाने पुन्हा फिरली. अगदी थोडीशी. एका तांब्याएवढी.

मी आत गेलो. खोल्यांमध्ये धुळीवर फक्त दोन माणसांच्या चपलांचे ठसे होते, ते आता गेले त्यांचे. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाशी जाळं. बाथरूममध्ये साहेब आणि बाई उभे होते. फरशी कोरडी, भेगा पडलेली. मोरीच्या जाळीत वाळलेलं पान अडकलेलं. भिंतीवर कुठे ओल नाही, डाग नाही.

“पाइप जमिनीखाली फुटला असणार,” साहेब म्हणाला. “पाणी आतल्या आत जिरत असेल.” आणि तो मागच्या बाजूला बघायला गेला.

बाई हलल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत होत्या.

“भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “माझा भाऊ सहा फूट उंच होता. त्याचे खिळे ते बघा, तिथे वर. हे आमचे नाहीत.”

माझ्या कमरेच्या खाली, भिंतीत एक खिळा होता. वरचे खिळे गंजून लाल झाले होते, हा नवा कोरा दिसत होता. त्याच्या दोन बोटं खाली एक भोक. त्याच्या खाली आणखी एक. त्याच्याही खाली, माझ्या गुडघ्याच्या जरासं वर, तिसरं. तिन्ही भोकं पांढऱ्या कशानेतरी नीट बुजवलेली होती. मी नखाने खरवडून पाहिलं. साबण होता.

मी नख पुसलं आणि बाहेर आलो.

त्याच दुपारी मी साहेबाच्या टेबलावर कबुली लिहून ठेवली. सहा वर्षं मी वर गेलो नाही, आकडे मनाने लिहिले, बाईंचे पैसे परत करावेत, माझ्यावर कारवाई करावी. सुवाच्य अक्षरात, दोन पानं. साहेबाने ती वाचली, दार लावून घेतलं आणि म्हणाला, “काका, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“मी खरं लिहिलं आहे.”

“मनाने लिहिलेला सहा वर्षांचा आकडा मीटरला एका युनिटनेही चुकत नाही? उद्या हे मी वर पाठवलं तर लोक मला वेड्यात काढतील. मीटर खोटं बोलत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.” त्याने कागद माझ्या खिशात कोंबले. “मी गळती दाखवतो. बाईंना निम्मे पैसे परत मिळतील. त्यांनी नळ कायमचा तोडायचा अर्ज दिलाय. तेवढं उरका आणि चार महिने सुखाने काढा.”

उरलेले निम्मे पैसे मी बाईंच्या खात्यात भरले. चोरी कबूल करायला गेलेल्या माणसाला शाबासकी मिळाली की काय वाटतं, ते त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटतं.

घरी मी हिला सगळं सांगितलं. आकडा, चांदणी, खिळे. हिने एकदाही “खरंच?” असं विचारलं नाही. फक्त म्हणाली, “नळ कधी तोडायचा आहे?”

“परवा सकाळी.”

“मी येणार.”

“तुझ्याने चढवणार नाही.”

“मी येणार,” ही म्हणाली, आणि लहान मुलाच्या केसांना लावतात तसं हाताला तेल लावून स्वतःचे केस विंचरायला बसली.

परवाच्या सकाळी प्लंबरला मी खालच्या वळणावर, मुख्य पाइपाशी थांबायला सांगितलं. आम्ही दोघं वर गेलो. ही वाटेत कुठे थांबली नाही. किल्ली बाईंनी ऑफिसात ठेवली होती. मी मीटरशी बसलो. आकडा ७८३. शेवटचं वाचन म्हणून तो नोंदवायचा, बूच फिरवायचं, सील लावायचं. पाच मिनिटांचं काम.

चांदणी फिरत होती.

ही आत गेली होती. बाथरूमच्या दाराशी उभी असलेली मला उघड्या दारातून पाठमोरी दिसत होती.

मी थांबलो. आंघोळ अर्ध्यावर कोणाचीच तोडू नये.

चांदणी थांबली. मग एकदा जराशी फिरली, एका तांब्याएवढी. मग पूर्ण थांबली.

आतून हिचा आवाज आला. मोठा नाही, रोज घरात बोलते तसा.

“झालं ना? चल मग. इथलं पाणी आता जाणार. आपल्याकडे येतं सकाळ-संध्याकाळ.”

मी बूच फिरवलं. सील लावलं. ते सरळ लागलं.

उतरताना ही माझ्या पुढे होती. सावकाश उतरत होती, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. चढताना अशी चढली नव्हती. डावा हात अंगापासून थोडा दूर होता, आणि त्याचं एक बोट पुढे केलेलं होतं.

शिंप्याने मान वर केली. त्याने हिच्याकडे पाहिलं, मग हिच्या हाताच्या खाली पाहिलं, आणि पुन्हा मान घालून शिवायला लागला.

चार महिन्यांनी मी निवृत्त झालो. हार, नारळ, भाषणं. मीटर कधी न वाचलेल्यांनी माझ्या वाचनाचं कौतुक केलं. आमच्या भागाला आता नवा माणूस येतो. गेल्या खेपेला त्याने आमच्या मीटरची काच पुसली, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, “काका, दोघंच ना तुम्ही? कायम चौदा युनिट असायचे. आता एकोणीस. बिल चढेल. पाहुणे आहेत का?”

“हो,” ही आतून म्हणाली. “राहायला आलेत.”

मी गणित करून पाहिलं होतं. वरच्या घराचे बारा. त्यातले बाईचे सात, मुलीचे पाच. आमच्याकडे वाढले ते पाचच. बाईचे सात कुठे गेले, हे मी शोधत बसलो नाही. ती बाई पहिल्यापासून आमच्याच घरात होती.

आमच्या बाथरूममध्ये खाली एक खिळा आहे. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हिला म्हटलं, “बरं केलंस.”

“मी कुठे? मला वाटलं, तुम्ही ठोकलात.”

आमची हातोडी माळ्यावर आहे. तिच्यावरची धूळ मी बोट लावून पाहिली. नंतर हिने त्या खिळ्याला एक लहान टॉवेल आणून लावला, आणि आम्ही दोघंही पुन्हा त्याबद्दल बोललो नाही. या वेळचं न बोलणं वेगळं आहे. घरात बरं वाटतं. ही गुणगुणते. मला बिलाची काळजी वाटत नाही, कोणासाठी साठवायचे होते पैसे?

आज सकाळी दात घासायला गेलो तेव्हा पाहिलं. खिळा दोन बोटं वर गेलाय. खालचं भोक नीट बुजवलेलं आहे, आमच्याच साबणाने.

टॉवेल ओला होता. आम्हा दोघांच्या आंघोळी अजून व्हायच्या होत्या.